भरलेला पाळणा

सफी शहरात, इफ्तारीला थोडाच वेळ उरला असताना, एका इमारतीत तळणाच्या कढईनं पेट घेतला आणि जिना धुरानं भरून गेला. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत चौघी अडकल्या: लल्ला तामू, तिची सून गिझलान आणि गिझलानच्या दोन मुली. धाकटी अजून कडेवरची होती.

अग्निशामक दलाच्या मिलूदनं शिडीच्या टोकाचा पाळणा कठड्याला आणून टेकवला. पाळण्याचं दार उघडताच लल्ला तामू सुनेला कोपरानं सारून आधी आत शिरली. म्हातारी अंगानं भरलेली होती. मागोमाग मुलींना घेऊन गिझलान चढली आणि धोक्याची घंटा वाजू लागली. वजन जास्त झालं की शिडी जागची हलत नसे.

मिलूदनं पाण्याची नळी, कुऱ्हाड, जाड दोरखंड, सगळं बाल्कनीत टाकलं. घंटा थांबेना.

"कुणीतरी एकीनं उतरावं लागेल," तो म्हणाला. "यांना सोडून लगेच परत येतो."

सासूसुनांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. त्यांचं बोलणं थोरल्या सलमामार्फतच चालायचं. गिझलाननं धाकटीला सासूच्या हातात दिलं आणि खाली पाऊल टाकलं. लल्ला तामू नातीला छातीशी धरून तशीच उभी राहिली. पोर आईकडे हात पसरून रडू लागली.

"सलमा, तुझ्या आईला सांग," म्हातारी म्हणाली, "ही माझ्याकडे राहायची नाही. मुकाट्यानं आत ये म्हणावं."

नातीला परत देऊन ती उतरली. घंटा थांबली.

मिलूदनं दोरीवरचा पंचा भिजवून तिच्या हातात दिला. हा नाकातोंडाला धरा, कठड्यापाशी खाली बसून राहा, तिथून हलू नका, असं बजावलं. तिनं मान हलवली.

पाळणा सावकाश उतरू लागला.

"जरा लवकर घ्या ना, भाऊ," गिझलान म्हणाली.

"भरलेला याहून लवकर उतरवता येत नाही."

खालून लोक ओरडत होते. याला आई आहे की नाही, असंही कुणी म्हणालं. मिलूदनं पाळणा चालवायच्या दांड्यावरची नजर हलवली नाही. अर्ध्यावर आले तेव्हा वर खिडकीची काच फुटली आणि बाल्कनी धुरात दिसेनाशी झाली.

पाळणा जमिनीला टेकला तेव्हा मगरिबची अजान चालू होती. कुणी सलमाला दूध पाजलं, कुणी रोजा सोडायला गिझलानच्या हातात खजूर ठेवला. रिकामा पाळणा भराभर वर गेला.

वर मिलूदला काहीच दिसेना. त्यानं कठड्याच्या आत वाकून चाचपलं. एका हातानं त्याचं मनगट घट्ट पकडलं. म्हातारी सांगितल्या जागी बसून होती.

तिला खाली आणलं तेव्हा तिचा चेहरा काळा पडला होता आणि आवाज फुटत नव्हता. बायका पाणी घेऊन धावल्या. त्यांच्यातून वाट काढत गिझलान पुढे आली आणि तिनं मूठ उघडली. खजूर तसाच होता, घामानं मऊ झालेला. तिनं बी काढून टाकली आणि खजूर सासूच्या तोंडात घातला. बोटांना जो गर चिकटून राहिला होता, तो मग तिनं स्वतः चाटला.