अंगठ्याची खूण

ब्रह्मदेशच्या लढाईत एक जखमी जपानी शिपाई हिंदी पलटणीतल्या भगवंताच्या समोर आला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. त्यानं एक मूठ उभी धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्यावर दाबून दाखवला. हातबॉम्बच आहे असं वाटून भगवंतानं बंदूक चालवली. मूठ रिकामी निघाली.

लढाई संपली आणि तो अमरावतीला, राजापेठेतल्या मामांच्या सोड्याच्या दुकानावर परतला. इथंच बाटल्या धुवत तो लहानाचा मोठा झाला होता.

"मामा, सगळ्या बाटल्या जुन्याच दिसतात. नव्या नाई आनल्या?"

"कुठून आनू? ह्या गोटीच्या बाटल्या जपानातून येत. लढाई लागली अन् माल बंद झाला."

"जपानात सोडा पेतात?"

"पेतात म्हंजे? आपल्या इथं पोट दुखलं का सोडा. गोरे साहेब दारूत टाकतात. अन् तिकडं म्हने जत्रेत लेकराइले गोड करून पाजतात. व्यापारी सांगे. पन बाटली उघडाले तोंडातली गोटी सगळीकडं आंगठ्यानंच दाबा लागते."

बाटली धुणारा भगवंत थांबला. त्याचा ओला हात बाटलीच्या तोंडावर तसाच राहिला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या गाडीवानानं दुकानाकडे बघून एक मूठ उभी धरली आणि तिच्यावर अंगठा दाबून दाखवला.

"उभा काहून राह्यला?" मामा म्हणाले. "तहान लागली त्याले."