देवीच्या रथाचा दोर

देवीच्या रथाचा दोर बायकांनी धरायचा नाही, ही गावची रीत. इंदुमतीवहिनी तीन वर्षं पंचांना विनवत होत्या. त्यांची नणंद शर्मिष्ठा चिडायची, "हक्क मागायचा कशाला? सरळ घ्यायचा!"

"गाव सोबत आलं तरच बदल टिकतो गं," वहिनी म्हणायच्या.

यंदा चढावर रथ अडला. पुरुषांनी जोर लावला, तरी तो हातभर मागेच घसरला. बायका किंचाळल्या. शर्मिष्ठासुद्धा जागीच थिजली.

वहिनींनी मात्र पदर खोचला आणि धावत जाऊन दोर धरला.

"बाई, दोर सोडा!" थोरले पंच ओरडले.

"सोडते. मग रथ तुम्ही सावरा!" वहिनी गरजल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "शर्मिष्ठा, बघतेस काय? ये!"

शर्मिष्ठा धावली. तिच्यापाठोपाठ सगळ्याच जणी धावल्या. शंभरेक हात दोराला लागले, ढोल कडाडले आणि रथ एका दमात चढ चढून गेला.

वर पोचल्यावर थोरले पंच धापा टाकत वहिनींसमोर येऊन उभे राहिले.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "चढाची वाट बघू नका. देवळापासूनच दोर धरा."