अकरा वर्षं न गळलेली पेटी

"मदिनाबीकडची तुमची पेटी आठ महिन्यांत गळली, भाभी! आन् ही बघा वाहेदभाईंची. अकरा वर्षं झाली, टिपूस न्हाई."

जमील उस्तादानं काचेवर टिचकी मारली. आतले मासे दचकून कोपऱ्यात पळाले. जमीलचं काम बरं होतं. तोंड मात्र कामापेक्षा चांगलं चालायचं.

अर्जुनराव देशमुखांनी हैदराबादेत कुणा नवाबाकडे माशांची काचपेटी पाहिली आणि हट्टानं तशीच दिंद्रुडात, वाहेदच्या काचकामाच्या दुकानातून, करवून घेतली; तीच ही. आता त्यांना दुसरी, दुप्पट मोठी हवी होती. काम जमीलला द्यायचं की वाहेदच्या विधवेला, रहेमतबीला, एवढाच त्यांचा प्रश्न. रहेमतबीचं मात्र सगळं दुकान त्यावर होतं. नवरा गेल्यापासून दीड वर्ष तिनं ते एकटीनं उघडं ठेवलं होतं. हे काम गेलं की गिऱ्हाईक जाणार आणि दुकान जमीलच्या घशात.

"रहेमतबी, मदिनाबीच्या घरची ती गळकी पेटी तुमचीच ना?" देशमुखांनी विचारलं.

"लोक तसंच म्हनत्यात, सरकार."

"लोक कशाला? वाहेदच सांगायचा. ही माझी, ती बायकोची."

"हां. त्ये तसंच सांगायचे."

वाहेद होता तोवर तिनं त्याचा शब्द कधी खोडला नव्हता. आत्ताही मान खाली होती, पण पाय जागचे हलत नव्हते.

"मग कावून हट्ट धरला?"

"काम माझं हाय, सरकार. मीच करनार."

जमील हसला. रहेमतबीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं नुसता पदर नीट केला.

"जमील, अशी पेटी टिकती तरी किती?" देशमुखांनी विचारलं.

"काचंच्या सांध्यात भरल्यालं लुकण वाळून तडकलं की खलास. आमच्या हातची पाच-सहा वर्षं जाती. खोटं कावून बोलू?" जमील वरमला. "वाहेदभाईंनी लुकणात काय घातलतं, खुदा जाणे. जवसाचं तेल, खडू, शेंदूर तर आमीबी घालतो."

"मळताना पाह्यलं न्हाई?"

"आमच्या धंद्यात ज्यानं मळलं त्यानंच भरायचं. दुसऱ्याच्या लुकणाला कुनी बोट लावत न्हाई."

"आज लावा," रहेमतबी म्हणाली. "वरला कोपरा पान्याच्या वर हाय. खरवडा."

"चांगली पेटी कशाला नासायची, भाभी?"

"नासली तर नवी देते. फुकट."

देशमुखांनी मान हलवली. जमीलनं पटाशी काढली. लुकण दगडासारखं झालं होतं. त्याला घाम फुटला. शेवटी एक खपली सुटली, पण खाली पडेना. कशाला तरी धरून लोंबत राहिली. जमीलनं ती उजेडात धरली. वीतभर लांब काळे केस.

"हे काय बे?" देशमुख पुढं वाकले.

जमीलनं केस चिमटीत धरून ओढून पाहिले. तुटेनात.

"गुंतवळ हाय, सरकार. माजं," रहेमतबीनं मान वर केली. "धुवून, तेलात भिजवून लुकणात मळते, मंग तडकत न्हाई. मदिनाबीकडची पेटीबी खरवडून बघा. तितं एक केस घावायचा न्हाई. आमच्या ह्यांना केसांची लई किळस यायची."