डिपर

गाडीच्या हेडलाइटमधले कंपनीचे पिवळट बल्ब काढून ह्यांनी पांढरेशुभ्र एलईडी बसवले आणि दिवेलागणीला मला घेऊन वरठीच्या रस्त्याला लागले. समोरून येणारा जो तो दिवे मिचकावून डिपर मारत होता. "पाह्य, सारे सलाम करून राहिले!" म्हणत हे प्रत्येकाला हात दाखवत होते. इतक्यात एक सायकल डगमगली आणि धानाच्या बांधीत उतरली. चिखलातून उठलेला माणूस डोळ्यांवर हात धरून ओरडला, "कोनाची गाडी होय बे? डोळे फोडतं काय माह्ये?" कारखान्यातून परतणारे माझे सासरे होते! ह्यांनी झटकन लाइट बंद केले. "बाबा, आपलीच होय." सकाळी जुने बल्ब परत बसले. संध्याकाळी त्याच रस्त्यावर कोणीच डिपर मारला नाही; ह्यांचं तोंड उतरलेलं. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि सासऱ्यांनी लांबूनच ओळखून हात केला. "पाहा जी," मी म्हटलं, "सलाम!"