पाणी कुठं गेलं?

"रात्रीच्या अंधारात गलबतांना वाट कोण दाखवतं? दी—"

"दीपगृह!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"शाबास! आणि ते कुठं असतं? समुद्राच्या का—"

"काठावर!"

खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. भिंतीवर प्रोजेक्टरच्या पिवळट उजेडाचा चौकोन. त्यातलं दीपगृह निम्मं भिंतीवर होतं, निम्मं कोंडीराम गुरुजींच्या टोपीवर. बोलण्याच्या भरात आपण चित्रात उभे आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटच्या बाकावरून लीलाबाई उठल्या. चित्रांवरून कसं शिकवायचं, हे परळ-लालबागच्या शिक्षकांना शिकवायला त्या येत. आज गुरुजींचा परीक्षेचा अखेरचा पाठ. त्यात नापास झाले तर वर्ग हातचा जाणार आणि गुरुजी ऑफिसात हजेरीबुकं लावत बसणार.

"यंत्र तापलंय, गुरुजी. जरा निवू दे." त्यांनी घोंगडीचं एक टोक वर केलं. उजेडाबरोबर रस्त्यावरच्या मोर्चाचा आवाज आत आला. "संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पाहिजे!" बाहेरच्यांच्या आधी वर्गानंच उत्तर दिलं.

गुरुजी खूश झाले. "बघा बाई, कशी तयार आहेत पोरं!"

"तुमच्या प्रश्नांनाही ती अशीच उत्तरं देतात," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "अर्धं तुम्ही म्हणायचं, अर्धं त्यांनी. विचार कधी करायचा? मला तुम्हाला पास करायचंय हो. तुम्हीच करू देत नाही."

गुरुजींचा चेहरा उतरला. उपरण्यानं कपाळ पुसत ते म्हणाले, "बाई, पोरांसमोर गप्प राहणं या जन्मी जमायचं नाही मला. तोंड आपसूक उघडतं. घरी मंडळींनीही हात टेकलेत."

"कीर्तनाला तर नेमानं जाता. तिथं बुवा सलग बोलतात?"

"छे, छे! पूर्वरंग संपला की उत्तररंगाआधी बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. बुवा जरा बसतात, घोटभर पाणी पितात."

"आणि तेवढा वेळ देऊळ गप्प?"

"गप्प कसं राहील, बाई? तेव्हा भजन लोकच चालवतात की! असं चढतं म्हणता, की बुवांनासुद्धा—"

गुरुजी मध्येच थांबले. टेबलावरच्या तांब्या-भांड्याकडे पाहत राहिले.

घोंगडी खाली आली. नवं चित्र भिंतीवर पडलं. लांबच लांब चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. या खेपेला गुरुजी उजेडातून बाजूला सरले.

"पाणी कुठं गेलं?" त्यांनी विचारलं, भांडं तोंडाला लावलं आणि घोट तोंडातच धरला.

वर्ग वाट पाहू लागला. गुरुजी पुढचं अक्षर देतील, आपण शब्द पुरा करू. अक्षर येईना. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. गुरुजींचे गाल फुगलेले, डोळे काकुळतीला आलेले.

"गुरुजींच्या तोंडात गेलं!" दौलत ओरडला.

हसण्यानं बाकं हादरली. गुरुजींच्या मिशा थरथरल्या, ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब निसटला. त्यांनी उपरणं तोंडावर दाबलं, पण पाणी सोडलं नाही.

"गप रे! समुद्राचं विचारतायत ते," नलू म्हणाली.

"मग आटलं असेल."

"एवढं? आमच्या शिवडीला कधी सकाळी असाच चिखल असतो. दुपारी बाबांचा डबा घेऊन जाते, तर त्याच होड्या डुलत असतात."

"म्हणजे परत येतं?"

"रोज येतं."

रघु उठला आणि थेट भिंतीशी गेला. त्याच्या हाताची सावली होड्यांवर पडली. "ही बघा, चिखलात डबकी राहिलीत. आत्ताच गेलंय पाणी."

"पण राहतं कुठं तोवर?"

"पलीकडच्या लोकांकडे."

"म्हणजे आपल्याकडे चिखल, तेव्हा त्यांच्याकडे भरलेलं?"

यावर कोणी ओरडलं नाही. सगळी भिंतीकडे बघत राहिली. मग मागून कोणीतरी सावकाश म्हणालं, "माझी आजी म्हणते, पुनवेला लई येतं. चंद्राचं काय असेल का रे?"

आणि एकदम सगळीच बोलू लागली. गुरुजींकडे कोणी पाहीना. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले, मान हळूहळू डोलत होती. देवळात खांबाशी बसून ते असेच डोलत. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. ते कुणाला धरून ठेवता येतं?

घंटा झाली. कोणी उठलं नाही. हेडमास्तरांनी दार किलकिलं केलं. "काय हा गलका! बाई, काय झालं आमच्या गुरुजींचं?"

"पास," लीलाबाई कुजबुजल्या. "पण हळू बोला. उत्तररंग चाललाय."

नलूचं लक्ष तेवढ्यात गुरुजींकडे गेलं. फुगलेल्या गालांचा तो भिजलेला चेहरा पाहून तिचा जीव कळवळला. जवळ जाऊन तिनं त्यांचा हात हलवला.

"गुरुजी, गिळा की आता. आमचं चालूच राहणार."

गुरुजींनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून.