संबंध नसल्याची नोटीस

“अठ्ठेचाळीस खाली आन् नऊ वर? हे कुटलं गणित, सांग की!” उदयसिंहांनी मोबाइल सोनमच्या टेबलावर आपटला.

सोनम त्यांच्या शेंगा चटणीची वेबसाइट सांभाळायची. संध्याकाळपर्यंत चटणी गूगलवर वर आली नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला सकाळीच सुनावलं होतं. कुंभारीतलं तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पण याला त्याचं काय!

चूक म्हणावी तर तिची काहीच नव्हती. वेबसाइटचं वजन मोजून मार्क देणारी एक परदेशी कंपनी आहे. तिनं उदयसिंहांना शंभरात अठ्ठेचाळीस दिले होते. या माणसानं जुळे सोलापुरात त्याचाही फ्लेक्स लावला, गॉगल घालून. आणि गूगलवर ‘सोलापुरी शेंगा चटणी’ शोधलं की पहिल्या यायच्या सिद्धेश्वरी वहिनी. मार्क नऊ. हे महाशय तिसऱ्या पानावर, जिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

वहिनी म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर वर्षाच्या आत यांनी तिला धंद्यातनं हाकललं. तिचं उखळसुद्धा नेऊ दिलं नाही. निर्लज्जपणाला काही हद्द?

“सर, ते मार्क गूगल देत न्हाय,” सोनम म्हणाली. “आपल्या वेबसाइटची लिंक कुणी कुणी दिली, ते बघून ती कंपनी अंदाज बांधते. आपल्या लिंका सगळ्या तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या हायत. गावोगावच्या बातम्यांच्या वेबसाइटवर तुमीच लावून घेतलेल्या. त्यानं मार्क वाढले. पण चटणी शोधणाऱ्याला तुमचा वाढदिवस कशाला पायजे? वहिनींच्या पानावर चटणी कशी कुटायची, किती दिवस टिकते, सगळं हाय.”

“तोंड लई सुटलंय तुझं! मग तिला ते नऊ तरी कुटनं मिळाले? कुणी दिली तिला लिंक? नाव सांग, त्याच्याकडं बघतोच मी.”

सोनमनं दाराकडं पाहिलं. नोकरी तशीही गेलेलीच होती.

“मोठी अशी एकच हाय, सर. आपली.”

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. उदयसिंहांनी स्वतः सांगून लिहून घेतलेली जाहीर नोटीस होती ती. पेपरात देतात तशी, त्यांच्या फोटोसकट, वहिनींच्या वेबसाइटच्या पत्त्यासकट.

‘श्रीमती सिद्धेश्वरी यांनी वीस वर्षे आमची चटणी स्वतः कुटली. आता त्या आमच्याकडे नाहीत. त्यांच्या हातच्या चटणीशी आमचा कसलाही संबंध नाही. ग्राहकांनी नोंद घ्यावी.’

“आपल्याकडं सगळ्यात जास्त हेच पान वाचतात,” सोनम म्हणाली. “वाचतात आन् तिकडं जातात.”

“काढ! आत्ताच्या आत्ता काढ ती!”

“आपल्याकडची काढते. तिकडची कशी काढू?”

उदयसिंहांनी वहिनींची वेबसाइट तेव्हा पहिल्यांदा उघडली. सगळ्यात वर, चौकटीत, त्यांचीच नोटीस होती. गॉगलवाल्या फोटोसकट. तिच्याखाली वहिनींनी लिहिलं होतं:

‘भाऊजी म्हणतात ते अगदी खरं आहे. ग्राहकांनी नोंद घ्यावी.’