एक सैल स्क्रू

एसीदुरुस्तीत उभी हयात घालवलेल्या बाबांना मुलाचा फोन आला. "तुमच्यासाठी तयार केलेल्या खोलीतला एसी खडखडतोय. मोबाइल त्याच्यावरच ठेवतो, जरा ऐकता?" उद्या बाबा मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते, बॅगही भरून ठेवली होती. त्यांनी डोळे मिटून कान दिला. झाकणाचा एक स्क्रू सैल झालाय, बाकी यंत्र ठणठणीत! खुशीतच त्यांनी स्क्रूड्रायव्हर बॅगेत टाकला. तेवढ्यात खडखडीआडून सुनेचा आवाज आला. "मोठा बिघाड निघाला तर बरं. त्याच निमित्ताने त्यांचं येणं टळेल." मुलगा हळूच म्हणाला, "मीही तेच म्हणतोय. एकदा आले की गळ्यात कायमचं लोढणं!" मग त्याने मोबाइल उचलला. "काय बिघडलंय हो, बाबा?" बाबांनी भरल्या बॅगेतून स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. "मोठाच बिघाड आहे, बाळा. त्या खोलीत आता कुणाला राहता यायचं नाही."